संत्र्यांखालची टोपी

ती. आई,

पुद्दुचेरीतल्या एका फ्रेंच काळातल्या घराचं आता हॉटेल झालंय. जुनी दारं तशीच ठेवून आत सगळं नवं केलंय. सकाळपासून मी वरच्या व्हरांड्यात चकरा मारते आहे. समोर समुद्र आहे, पण नजर ठरत नाही.

ऑफिसच्या प्रशिक्षणाला जाते असं तुम्हाला सांगितलं, ते खोटं होतं. ऑफिसातल्या तायडे सरांसोबत आले आहे. खोल्या दोन घेतल्या आहेत. हे लिहून तुमची समजूत घालते आहे की माझी, कळत नाही. प्रवीण गेल्यापासून वरूडच्या घरात आपण सासू-सुना दोघीच. सरांनी लग्नाचं विचारलं की दर वेळी मी म्हणत आले, "आईंचं काय?"

निघताना तुम्ही संत्र्यांची पिशवी दिलीत. "एवढी कशाला?" म्हटलं, तर म्हणालात, "एकटीच खाशीन काय वं? सोबत असन त्याले बी दे. आंबट निघाली त सांगजो, वरूडची नाहीत म्हनून."

आज पिशवी रिकामी केली. तळाशी कोरा टॉवेल आणि पांढरी टोपी निघाली. जावई पहिल्यांदा घरी आला की आपण हेच देतो. मी तर तुमची सून.

सर खाली नाश्त्याला थांबलेत, उत्तरासाठी. टोपी हातात घेऊन मी अजून वरच आहे. हे पत्र पाठवणार नाही, घरी येऊन तोंडानंच बोलेन. पण आधी खाली जायला हवं, आणि आता नाही म्हणायला माझ्याकडे तुमचं नाव उरलेलं नाही.

तुमचीच,
रागिणी