तेरा पूर्णांक एक तृतीयांश

सोमवार, ३ मार्च

निवडून आलो. म्हणजे कुणी निवडलं नाही — जागा पाच, अर्ज पाच, म्हणून बिनविरोध. सोसायटीच्या कमिटीवर चौथी शिकलेला शिंपी! अर्ज भरला तो लिफ्टसाठी. ही जिन्यात पडली त्याला चौदा महिने झाले. खुब्याचं हाड जुळलं, डॉक्टर म्हणतात चालवा. पण आम्ही चौथ्या मजल्यावर, बहात्तर पायऱ्या. पुन्हा पडली तर? लिफ्ट झाल्याशिवाय जिन्याला पाय लावायचा नाही, असं बजावून ठेवलंय तिला.

गुरुवारी पदं वाटणार. मला सेक्रेटरी केलं तर? सभा चालू असताना भराभर लिहावं लागतं. मला एक ओळ लिहायची तर चहा निवतो; या डायरीचं एक पान भरायला रात्र जाते.

गुरुवार, ६ मार्च

तळमजल्यावरची कमिटीची खोली. पाच खुर्च्या, लंगडी माझ्या वाट्याला.

वाटलं होतं, ज्याचा आवाज मोठा त्याचं पद मोठं. सुरुवात तशीच झाली. तळमजल्यावरचा चष्मेवाला म्हणाला, "गेली पाच वर्षं अध्यक्ष मीच आहे. विषय संपला." दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई — आता रिटायर आहेत — शांतपणे म्हणाल्या, "संपला असेल तर मोजायला काय हरकत?"

त्यांची रीत बघून थक्क झालो. आधी एकाने नाव सुचवायचं. ज्याचं नाव, त्याने स्वतःच्या तोंडाने हो म्हणायचं. मग चिठ्ठ्या — सगळ्या एकाच कागदाच्या, पेन्सिलही एकच, म्हणजे कुणाची चिठ्ठी ते कळायला नको. मोजणारे दोघे, एक या बाजूचा, एक त्या बाजूचा. आणि दोनदा मोजायचं. ऑपरेशननंतर पोट शिवण्याआधी कापसाचे बोळे असेच दोनदा मोजतात म्हणे. एक आत राहिला तर माणूस गेला.

चार विरुद्ध एक मतांनी त्या अध्यक्ष झाल्या. लगेच स्वतःच चष्मेवाल्याचं नाव खजिनदार म्हणून सुचवलं. "शंकेखोर माणूस किल्ल्यांना बरा." तो फुगला होता, पण हो म्हणाला.

मग तिसऱ्या मजल्यावरचा बस ड्रायव्हर म्हणाला, "सेक्रेटरी काकांना करा, दिवसभर रिकामेच असतात." नर्सबाईंनी विचारलं, "काका, तुमची संमती?" म्हटलं, "मला धड लिहिता येत नाही." चारचौघांत हे पहिल्यांदा बोललो, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. कुणी हसलं नाही. त्या म्हणाल्या, "बरं. नाव आलं, संमती नाही. पुढे." कीव नाही, की पाठीवर हात नाही. किती बरं वाटलं!

सेक्रेटरीची जागा रिकामीच राहिली. मला घरोघर नोटिसा पोचवायचं काम.

हिला सगळं सांगितलं. म्हणाली, "बाई पक्की दिसते."

शनिवार, ८ मार्च

लिफ्टच्या ठरावाला दोन तृतीयांश मतं लागतात. घरं वीस. भागिले तीन, गुणिले दोन. कॅलेंडरच्या मागे दोनदा मांडलं. तेरा आणि वर थोडं काहीतरी. तेरा.

बुधवार, १२ मार्च

घात झाला. नर्सबाई सभासदांचं रजिस्टर घेऊन वर आल्या. नोटिसांची यादी करताना लक्षात आलं म्हणे. "काका, यात तुमचं नाव कुठेच नाही."

घर हिच्या नावावर आहे. टेलिफोन ऑफिसातली पक्की नोकरी हिची, म्हणून कर्ज हिला मिळालं होतं. मी ते विसरूनच गेलो होतो! ही आतून म्हणाली, "अर्ज भरताना दोनदा सांगितलं. ऐकतंय कोण?"

म्हणजे मी सभासद नाही, कमिटीवर नाही, मतही नाही. मत हिचं, आणि सभा खाली. दुसऱ्याच्या वतीने मत टाकणं आमच्या नियमात बसत नाही. ही म्हणाली, "मी उतरून बघू का?" मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

नर्सबाईंनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, "सभेची जागा नोटिशीत लिहायची असते. ती तळमजलाच असावी असं नियमात कुठेही नाही. सभा वर येईल."

शनिवार, १५ मार्च

माझी रिकामी जागा कमिटीने भरायची असते. हिचं नाव आलं. संमती विचारायला नर्सबाई परत वर आल्या — माझं तोंड बघितलंसुद्धा नाही, सरळ हिला विचारलं. ही हो म्हणाली. सेक्रेटरी व्हाल का? त्यालाही हो. खाली चिठ्ठ्या टाकल्या, चारही हिच्या बाजूने. चष्मेवाल्याचीही!

ठरावाचा मसुदा हिने एका बैठकीत लिहिला. अक्षर पूर्वीसारखंच, ओळंब्यातलं. मी शेजारी बसून होतो. "दिव्यासमोरून सरका," म्हणाली.

शनिवार, २९ मार्च

पंधरा दिवस दारं वाजवली. हिचं धरून तेरा झाले. बेकरीवाल्याकडे जायचं राहिलं, पण आता गरज काय? हिला सांगितलं, "तेरा झाले. लिफ्ट यायला फार तर दोन वर्षं. तोवर धीर धर." ही दार उघडून जिना बघून आली.

रविवार, ३० मार्च

सभा आमच्या दारासमोर. जिन्यावर माणसंच माणसं. चष्मेवाला धापा टाकत आला आणि कठड्याला टेकला. "हा प्रचार आहे, बाई. आम्हाला चढवून मत मागताय." नर्सबाई म्हणाल्या, "सभासद येऊ शकत नसेल तर सभेने जायचं. विरोधात मत द्यायला दम लागत नाही, तुम्ही निवांत द्या." ड्रायव्हर म्हणाला, "पाणी पाजा रे खजिनदारांना, नाहीतर अजून एक निवडणूक लागेल." तोही हसला.

ही दारात खुर्ची टाकून लिहीत होती. कोण काय बोललं, शब्दन् शब्द. तिला इतक्या माणसांत बघून किती दिवस झाले.

चिठ्ठ्या. मोजल्या. परत मोजल्या. हो तेरा, नको सात.

मी टाळी वाजवली. एकट्यानेच. नर्सबाई म्हणाल्या, "विसाचे दोन तृतीयांश म्हणजे तेरा पूर्णांक एक तृतीयांश. तेरा त्याहून कमी आहेत. चौदा हवे होते. ठराव नामंजूर."

मी भांडलो. सभासद नसून भांडलो! "तो एक तृतीयांश माणूस कोण, दाखवा तरी." त्या म्हणाल्या, "काका, हो म्हणणाऱ्यांत मीही होते. पण अर्धवट माणूस मत देत नाही, म्हणून पूर्ण एक लागतो." हिला म्हणाल्या, "लिहा, नामंजूर." हिने लिहिलं.

स्वतः हरल्या, पण माप बदललं नाही. पन्नास वर्षं कापड कापलं मी. अर्ध्या बोटासाठी गिऱ्हाइकाशी खोटं बोललोय.

सोमवार, ३१ मार्च

बेकरीवाला भेटला. म्हणतो, मला कुणी विचारलंच नाही, म्हणून नको लिहिलं. चष्मेवाला म्हणतो, चढताना दम लागला म्हणून मी हो लिहिलं; मग माझ्या तेरांतला फिरला कोण? जेवलो नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

आज कमिटीची बैठक. नर्सबाई वर घ्यायला तयार होत्या, हिने नको कळवलं म्हणे — मला पत्ता नाही. दळण घेऊन परत येतो तर दुसऱ्या मजल्यावर ही! एक हात कठड्यावर, एक नर्सबाईंच्या खांद्यावर, काखेत वही. मी ओरडणार तेवढ्यात म्हणाली, "बाजूला व्हा, मला उशीर होतोय."

म्हटलं, "अगं, सहा महिन्यांनी परत ठराव आणू. एकाच मताने गेलाय."

"माझ्याच," म्हणाली. "मीच नको लिहिलं. लिफ्टसाठी आणखी दोन वर्षं धीर धर म्हणालात ना?"

आणि पुढची पायरी उतरली.