गुवाहाटीत आईचा आवाज

आई,

लांबून का होईना, तुझ्या पाया पडते.

कचरा वेगळा करायचं आमचं अ‍ॅप विद्यापीठात सुरू झालं. फोनसमोर कचरा धरला की डबा कुठला, ते अ‍ॅप दाखवतं आणि बोलतंही. तपासायला म्हणून तू बोलून पाठवलेलं त्यात घातलं होतं, ते आता कुणी काढूच देईना! "आरं, त्यात न्हाय, हिरव्यात टाक की!" असं तू ओरडलीस की मराठीचा गंध नसलेले प्रोफेसरसुद्धा मुकाट हिरव्या डब्याकडं वळतात. मी बघतच राहते. वडगावच्या स्वयंपाकघरातनं तू कुठवर पोचलीस गं!

शेवटी तू खोकतेस, तेही त्यात आलंय. पोरं हसतात. मला हसू येत न्हाय. अजून तसाच हाय का खोकला? पप्पांना घेऊन दवाखान्यात जा. बरी झालीस की पुन्हा बोलून पाठव. हा आवाज मी तेव्हाच बदलीन.

तुझीच,
संयोगिता