या मुलांचे आई-बाप कुठे आहेत?

२ नोव्हेंबर, सकाळ
काल आईवडिलांच्या थडग्यावर मेणबत्त्या लावताना संकल्प केला. महिनाअखेर सातवं पुस्तक पूर्ण. रोज एक प्रकरण. वाइन बंद.

आजचं प्रकरण झालं नाही. पिर्नातबाईंचा फोन. माझ्या एडिटर. माझ्या रहस्यकथांवर पोट भरतात आणि मलाच शहाणपण शिकवतात. म्हणाल्या, रायको, बारा वर्षांची चार पोरं रात्रभर गुहेत तस्करांच्या मागे, आणि एकाचीही आई फोन करत नाही? मी म्हटलं, गुहेत रेंज नसते. याला वास्तव म्हणतात. त्यावर म्हणाल्या, बरं, पोरगं जेवायला आलं नाही हे कुठल्या घरात कळत नाही हो? आई-बाप आहेत कुठे? मी म्हटलं, कामावर. म्हणाल्या, पहिल्या पुस्तकापासून कामावरच आहेत, आता रिटायर झाले असतील.

वर्षभर वाचणाऱ्या पोरांना शाळा बिल्ला देते, त्या वाचन-बिल्ल्याच्या यादीत म्हणे आता असली पुस्तकं घेत नाहीत. एक तर पोरांना हेल्मेट घाला, नाहीतर आई-बाप कुठे गेले ते पटेल असं लिहा.

हेल्मेट. गुप्तहेराला.

५ नोव्हेंबर
प्रकरण नाही. पण आयडिया आली. प्रयोग करायचा. अकरा वर्षांची मुलगी एक दुपार एकटी रहस्य शोधू शकते आणि सुखरूप परतते, हे सिद्ध करून पिर्नातबाईंच्या टेबलावर आपटायचं.

मुलगी घरचीच आहे. ब्रिना एकाआड एक शनिवार माझ्याकडे असते, बाकी तिच्या आईकडे, यासनाकडे. मागच्या महिन्यात पोहण्याच्या क्लासबाहेर ती जरा जास्त वेळ उभी राहिली. तेव्हापासून यासना म्हणते, आणखी एकदा असं झालं ना, तर शनिवार विसर. या बाईला राईचा पर्वत करायची सवय. घटस्फोटाच्या आधीही होती. मी त्या दिवशी पुस्तकाचं प्रकरण संपवत होतो.

शनिवार माझेच राहणार. बापाला मुलीवर विश्वास टाकता येतो हे यासनालाही दिसेल.

९ नोव्हेंबर
द्राक्षमळ्यांच्या टेकडीवर चिठ्ठ्या लपवून आलो. शेवटची चिठ्ठी वरच्या चर्चकडे नेते. तिथे मी हजर. वाटेत मी मागून, न दिसता. सेफ्टी यापेक्षा जास्त ती काय असते?

यासनाला फोनवर म्हटलं, टेकडीवर फिरायला नेतोय. म्हणाली, मार्टिनाच्या सणादिवशी? घरोघरी नवी वाइन असताना? टेकडीवर? तू? मग हसली. ते हसू मी ओळखतो.

११ नोव्हेंबर, दुपार
ब्रिना पहिल्या चिठ्ठीकडे रवाना. निघताना विचारलं, बाबा, तू नक्की वर असशील ना? म्हटलं, म्हणजे काय.

सगळं प्लॅनप्रमाणे. मी झाडाआड.

टेकडीवरच्या लोयझने त्याच्या वाइनच्या तळघराच्या दारातून हाक मारली. मार्टिनाच्या दिवशी द्राक्षरसाची वाइन झाली असं मानतात. दारावरून जाणाऱ्याने ग्लास नाकारला तर घरधनी वर्षभर तोंड बघत नाही. एकच घेतला. याला शेजारधर्म म्हणतात, पिणं नव्हे.

लोयझची बायको म्हणाली, सणाचा भाजलेला हंस आत्ता ओव्हनमधून काढलाय, घोड्यासारखा उभ्याने खाणार का? बसलो. तळघराच्या झरोक्यातून रस्ता दिसतो, म्हणजे लक्ष आहेच.

१२ नोव्हेंबर
नीट नोंदवून ठेवतो, कारण गावात भलतंच चाललंय.

ब्रिनाने सगळ्या चिठ्ठ्या शोधल्या. वर पोचली. मी नव्हतो. थांबली. फोन केला. तळघराच्या भिंती जाड, रेंज नाही. अंधार पडायला लागला तशी शाळेत शिकवलेलं तिने केलं. जवळच्या घराचं दार वाजवलं आणि सांगितलं, माझे बाबा हरवलेत.

त्यांनी बंबवाल्यांना कळवलं. गावचेच स्वयंसेवक, तेही हंसावरूनच उठून आले. भोंगा वाजला. कुत्री आणली. मला आत भोंगा ऐकू आला होता. लोयझला म्हटलंही, कुणाचं तरी काहीतरी जळतंय. पुढचं गाणं धरलं.

दार उघडून सगळे आत आले. लोयझ म्हणाला, अरे देवा, पोरगी हरवली का याची? त्यांचा प्रमुख म्हणाला, पोरगी जागेवर आहे, हा हरवला होता. सगळे पोट धरून हसले. माझ्या गावात, माझ्या तोंडावर.

ब्रिना बंबात बसली होती. अंगावर कुणाचा तरी मोठा कोट, डोक्यावर हेल्मेट. ती हसत नव्हती.

तसं पाहिलं तर प्रयोग यशस्वी आहे.

१५ नोव्हेंबर
यासनाचा निर्णय. शनिवार बंद. मुलीला भेटायचं तर तिच्या स्वयंपाकघरात, तिच्यासमोर. वाद घालणार होतो. तीन पत्रं लिहिली, तिन्ही फाडली.

पिर्नातबाईंपर्यंत बातमी पोचलीच. म्हणाल्या, रायको, हेच लिहा की, बाप हरवतो आणि पोरं शोधतात, कोण्णी काही विचारणार नाही. मी म्हटलं, बाई, मी वास्तववादी लेखक आहे. इतका बेफिकीर बाप कुठे असतो? वाचकाला पटायचा नाही. त्या नुसतं बरं म्हणाल्या.

२५ नोव्हेंबर
यासनाचं स्वयंपाकघर. ती बटाटे सोलत होती, कान इकडे. ब्रिनाला नवं प्रकरण वाचायला दिलं. पूर्ण वाचलं तिने. मग विचारलं, बाबा, ही मुलं गुहेतून घरी येतात तेव्हा त्यांना कुणी विचारतं का, कुठे होता म्हणून? म्हटलं, नाही गं, साहस तिथेच संपतं.

मग ती घरी कशाला येतात, म्हणाली.

टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. यासनाची सुरी थांबली. फार लागलं मला. बसची वेळ झाली असं सांगून निघालो. बसला अजून बराच अवकाश होता.

घरी येऊन शेवटचं प्रकरण घेतलं. मुलं गुहेतून निघाली. उजाडलं. सगळ्यात धाकटा घरापाशी येऊन बेल वाजवतो. दार कोण उघडतं, ते अजून लिहिलेलं नाही.