पलंगाखालचा वजनकाटा

३ मार्च
माफ कर गं वही, बरेच दिवस लिहिलं नाही. बसायलाच मिळत नाही. ही परवा पुन्हा बाहेर गेली. आपलं घर कुठलं ते आठवेना. कोपऱ्यावरच्या शिंप्याने हाताला धरून आणली. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, आणखी एकदा असं झालं की आईला वृद्धांच्या केंद्रात ठेवणार. तुमच्याच्याने होत नाही."
होतं. कुलूप लावून पाहिलं, तर ही दार बडवते – "मला कोंडलंय!" काढलं. मग मीच खुर्ची घेऊन दारात. मोरीत जायचं तरी जिवाला घोर.

४ मार्च
जुना वजनकाटा उघडला. स्वस्तातला, काच तडकलेली. चार कोपऱ्यांत चार चकत्या, त्यांना केसासारख्या तारा. पलंगालाही पाय चारच! एक तार तुटली. ही बघत होती. म्हणाली, "मोडायला बरं येतं तुम्हाला."

६ मार्च
रेडिओवाल्याने तारा लांबवल्या, तुटलेली डाग देऊन जोडली, आपोआप बंद व्हायची खोड काढली. म्हणाला, "काका, पलंग रिकामा असताना चालू करा. तेव्हा वर जे असेल ते हा शून्य धरतो. आणि काकूंना आकडा सांगू नका, मार खाल."
चकत्या पलंगाच्या पायांखाली, आकडे स्वयंपाकघरात ओट्यावर. ही निजली की एक्केचाळीस. उठली की शून्य. आज चहा बसून प्यालो.

९ मार्च
एक्केचाळीस.

१० मार्च
चाळीस. मग पुन्हा एक्केचाळीस. मधलं एक गेलं कुठे? डॉक्टरला विचारावं का? हसेल.

१२ मार्च
दुपारी सेल संपले. नवे घातले. आकडा पाहतो तर शून्य. खोलीत डोकावायचंही सुचलं नाही. अनवाणी धावलो – शिंप्याकडे, पार पाण्याच्या टाकीपर्यंत. परत आलो तर दार सताड उघडं, पलंग रिकामा. ओट्यावर आकडा – उणे एक्केचाळीस.
तेव्हा उजेड पडला. सेल घातले तेव्हा ही पलंगावरच निजली होती. ते शून्य म्हणजे हीच.

१३ मार्च
काल अंधार पडल्यावर सापडली, पलीकडच्या वस्तीत. लेक आली होती. आईची बॅग भरली.

१६ मार्च
लेकीचा फोन. ही तिथल्या बाईंना सारखं सांगते, "आमचे हे अनवाणी धावत गेले. मी त्यांना शोधायलाच निघाले होते. मला सोडा."
पोरी, तिला सांग, मी सापडलो. घरीच आहे. तिला पटलं का, तेवढं लवकर कळव.