सुलतानांच्या शेजारची खोली

उम्म अल हस्सम, बहारीन
४ ऑक्टोबर २०२४

चि. शैलेंद्रास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर खोलीचा विषय काढला की तुझी रेंज जाते, म्हणून पत्र. उत्तर लिहूनच दे.

लीनामॅडम मार्चमध्ये कायमच्या पुण्याला चालल्यात. त्यांच्या घरचा स्वयंपाक खलास, माझा व्हिसाही खलास. मला थाळनेरलाच यायचंय. माडीवर तापी दिसेल अशी खोली बांधायला सांगितली होती, तिचं काय झालं? तुझ्या बायकोला मी घरात नको असेन तर तसं लिही. मला गोडगोड बोलणं आवडत नाही.

लोभ आटला असेल तर तेही कळव.
रंजिता

थाळनेर
२१ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

कश्मिराला मध्ये कशाला ओढतेस? माडीची भिंत कमरेएवढी आली आणि पुरातत्त्वची नोटीस आली. फारुकी सुलतानांच्या घुमटांजवळ नवं बांधकाम चालत नाही. आपण लपाछपी खेळायचो तोच अष्टकोनी घुमट आडवा आला बघ. भिंत पाडली. तुला सांगायचा धीर झाला नाही.

मागची म्हशीची खोली दुरुस्त करता येईल, परवानगी मिळते म्हणतात. पण तिची एकुलती खिडकी थेट थडग्यांवर उघडते, म्हणून बाबांनी विटांनी बुजवलेली. कश्मिरा म्हणते, ताईंना तिथं कसं झोपवायचं? शिरपूरला भाड्यानं बघू का?

राग धर, पण माया सोडू नकोस.
शैलेंद्र

उम्म अल हस्सम
९ नोव्हेंबर

चि. शैलेंद्रास आशीर्वाद.

मेलेल्याला एवढा घुमट आणि मला जिवंतपणी एक खोली नाही! दोन दिवस भांडी आपटली. मग मॅडमबरोबर इथल्या आली नावाच्या कुंभारांच्या गावात मातीच्या कुंड्या आणायला गेले. तिथं जुन्या राजांच्या थडग्यांच्या टेकड्या घरांना खेटून आहेत. टेकडीला लागूनच एक बाई कपडे वाळत घालत होती. भीती नाही वाटत, असं विचारलं तर हसली. म्हणाली, मफी मुश्किल, म्हणजे काही अडचण नाही, हे शेजारी भांडत नाहीत.

शिरपूर नको. खिडकीच्या विटा काढ. घुमटावरची नक्षी लहानपणी धड बघितलीच नाही, आता बघेन. कश्मिराला म्हणावं, सुलतानसुद्धा खालीच झोपलेत, मला कशाला माडी?

फक्त म्हशीला आधी बाहेर काढ.

लोभ आहे तिथंच राहू दे.
ताई