आडनाव नसलेली क्वेरी

३ जून, सोमवार. सकाळी ९.४०
हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नवं मशीन आलं. ते रक्ताचे रिपोर्ट एक्सएमएल फाइलमध्ये पाठवणार. मी एक्सपाथ क्वेरी, म्हणजे फाइलमध्ये हवं ते शोधणारी ओळ, लिहून त्यातून पेशंटचं नाव आणि निकाल उचलायचा, स्क्रीनवर टाकायचा. साहेबांना म्हटलं, हातचा मळ आहे. जेवणाआधी संपवतो.

दुपारी ४
क्वेरीला शून्य उत्तरं. फाइल उघडली तर नाव ढळढळीत समोर. मशीन नवं आहे. सवय व्हायला वेळ लागेल. मशीनला.

४ जून
शून्य. खुर्ची बदलली. शून्य. लॅबच्या टेक्निशियन ताईंना फोन करून खडसावलं, फाइल सदोष आहे म्हणून. त्या शांतपणे म्हणाल्या, पहिल्या ओळीत नेमस्पेस दिलाय, म्हणजे प्रत्येक टॅगला आडनाव आहे. तुम्ही नुसत्या नावाने हाका मारताय, कोण ओ देणार? बघतो म्हटलं. बघणार नाही. मशीनची बटणं दाबणाऱ्यांनी मला एक्सपाथ शिकवू नये.

६ जून
सकाळपासून सात चहा. बायको म्हणाली, त्या ताईंचं ऐकायला काय बिघडतं? म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, असू दे, पण पाय हलवणं थांबव, टेबल थरथरतंय.

७ जून, शुक्रवार
जिंकलो! local-name() नावाचं फंक्शन सापडलं. आडनाव बघायचंच नाही, नुसतं नाव धरायचं. एका फाइलवर तपासलं. नाव आलं. कोणाचं, ते बघायची गरज वाटली नाही. सोमवारपासून चालू.

१० जून, सोमवार. सकाळी ११
फाइलमध्ये हॉस्पिटलच्या प्रमुख डॉक्टरांचंही नाव असतं. वेगळ्या नेमस्पेसखाली, आणि पेशंटच्या आधी. त्यामुळे सगळे रिपोर्ट बासष्ट वर्षांच्या सर्जनसाहेबांच्या नावावर. साखर वाढलेली, कावीळ, गर्भधारणा पॉझिटिव्ह. नर्सनी अभिनंदन केलं. सर्जनसाहेब माझ्या दारात येऊन उभे राहिले.

दुपारी २
तो गर्भधारणेचा रिपोर्ट बाकावरच्या एका बाईंचा होता. लग्नाला नऊ वर्षं. सकाळी आठपासून थांबलेल्या. काउंटरवर सांगितलं, तुमच्या नावाचा रिपोर्टच नाही. त्या काय समजायचं ते समजल्या आणि निघाल्या. लॅबच्या ताई खरा निकाल सांगायला फाटकापर्यंत धावत गेल्या. मी खिडकीतून पाहिलं, बाई रस्त्यातच खाली बसल्या, तोंडाला पदर लावून. मीही जाणारच होतो. बुटाची नाडी सुटली होती.

११ जून
ताई शेजारी बसल्या. दोन्ही नेमस्पेसना, म्हणजे दोन्ही आडनावांना, एकेक प्रीफिक्स दिला, क्वेरीत प्रत्येक नावाआधी तो लावला. चार मिनिटं. सगळे पेशंट आपापल्या नावावर. म्हणाल्या, कळलं ना? म्हटलं, हेच करणार होतो.

१२ जून
साहेबांनी महिनाभर लॅबमध्ये बसवलंय. रक्ताच्या नळ्यांवर पेशंटच्या नावांची लेबलं चिकटवायची. तिथे टेक्निकल माणूस हवाच असणार. पहिल्या तासात ताईंनी अकरा लेबलं सोलून पुन्हा लावली.