गुरुवारची तोंडी परीक्षा आणि आईंचा आवाज

ती. रंभामावशींना,

प्रताप नगरहून मेघाचा सविनय जय भीम. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? उमरेडच्या बसमध्ये एकट्या चढता की अजून कंडक्टरला हात द्यावा लागतो? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, पण मी सुखरूप नाही. (फोनवर बोलले असते, पण आईंना सगळं ऐकू जातं, म्हणून पत्र.)

पुढच्या गुरुवारी माझी पीएचडीची तोंडी परीक्षा आहे, घरूनच, संगणकासमोर बसून. माझा विषय तुम्हाला आमच्या लग्नात सांगितला होता, पण तेव्हा बँड वाजत होता. कॉलेजची मुलं घरून ऑनलाइन परीक्षा देतात, तेव्हा मागून कोणी उत्तर पुरवलं तर पहारा ठेवणारं सॉफ्टवेअर ते पकडतं का? अख्खा प्रबंध लिहून मी सिद्ध केलंय की पकडतं. माझे मार्गदर्शक केशव सर इतके खूश झाले, की परीक्षेच्या वेळी तेच सॉफ्टवेअर माझ्यावर चालू ठेवायचं त्यांनी ठरवलं. परीक्षकांना प्रात्यक्षिक बघायला मिळेल म्हणे. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

कारण आई. तुमच्या बहिणीची शाळेतली मास्तरकी संपली, पण समोरचं कोणी उत्तराला अडकलं की अजूनही त्यांना राहवत नाही. माझी घोकंपट्टी ऐकून ऐकून प्रबंध त्यांचाच पाठ झालाय. रविवारी रंगीत तालीम घेतली. तुमचा भाचा नागसेन परीक्षक झाला आणि आईंना मेथी निवडायला बसवून त्याने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. पहिल्याच प्रश्नाला मी अर्ध्यात अडकून छताकडे बघायला लागले. दाराआडून आवाज आला, "काहून थांबली वं? आकारिक मूल्यमापन सांगून झालं, आता संकलित सांग." मी मुकाट्याने संकलित सांगितलं. पुढचे सगळे प्रश्न असेच पार पडले. मग सॉफ्टवेअरचा अहवाल उघडला. बाहेरची मदत: नाही. आईंचं सगळं बोलणं त्याने 'घरगुती आवाज' म्हणून सोडून दिलं होतं. संशयास्पद फक्त मी होते, सारखी छताकडे बघते म्हणून.

म्हणजे मावशी, माझा प्रबंध माझ्याच स्वयंपाकघरात खोटा पडला. मशीनला कळलं नाही तरी परीक्षकांना कान आहेत. गुरुवारी त्यांनी आईंना ऐकलं तर इतक्या वर्षांची मेहनत मातीत जाईल. आईंना हात जोडले, पण त्या दुखावल्यात. "माझा आवाज शेवटल्या बाकापर्यंत जाये, अन् हे मशीन मले कुकर समजून राहिलं का?" म्हणतात, आणि तेव्हापासून आणखी मोठ्याने बोलतात. मला खरंच फार भीती वाटते.

तुमची,
मेघा

ता.क. पत्राचं खरं कारण असं, की बुधवारी आईंना फोन करून दोन दिवस उमरेडला बोलावून घ्या. गुडघा थोडा जास्त दुखवा. मी सुचवलं हे मात्र कळू देऊ नका.

ता.क. २. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. आज आई विहारात गेल्यावर पुन्हा तालीम केली. छताकडे एकदाही बघितलं नाही, अहवाल स्वच्छ आला, पण एकाही प्रश्नाचं उत्तर आठवलं नाही. तेव्हा फोन करू नका. गुडघा बरा असेल तर बुधवारी तुम्हीच या, आणि गुरुवारी नागसेन स्वयंपाकघराचं दार लावायला उठला की त्याला दुकानात पाठवा. कुकर मी लावून ठेवते, म्हणजे परीक्षकांनाही काही वाटायला नको.